बेळगावात राहून नवे संगीत कसे शोधावे, कसे विकत घ्यावे

बेळगावात आज गाण्यांची सीडी विकत घ्यायला निघालेला माणूस बहुधा मोबाईलची कव्हरे विकणाऱ्या दुकानासमोर जाऊन थांबतो. मी शाळेत असताना खडेबाजारातल्या एका अरुंद दुकानात कॅसेटच्या रांगा छताला भिडलेल्या असत. गिऱ्हाईक काय ऐकते हे मालकाला ठाऊक असे आणि 'हे ऐकलंत का?' असे म्हणून तो एखादी कॅसेट पुढे सरकवीत असे. त्याचे काम आता मोबाईलमधल्या ॲपने अंगावर घेतले आहे, पण ते ॲप कालच्याच भाताला फोडणी देऊन आज पुन्हा वाढते. ज्याच्या एका हाताला कोल्हापूर-मिरज आणि दुसऱ्या हाताला धारवाड-हुबळी आहे, त्या सीमाभागातल्या मराठी रसिकाने एवढ्यावर समाधान मानण्याचे कारण नाही. ही टिपणे मुख्यतः रागसंगीत ऐकणाऱ्यासाठी आहेत, कारण माझे पैसे तिथेच खर्च होतात. मात्र भावगीते, नाट्यपदे किंवा अलीकडचे स्वतंत्र बँड ऐकणाऱ्यालाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

'नवे' या शब्दाचा अर्थ गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेले, एवढाच घेऊ नये. १९३५ साली निघालेली तबकडी मी आज पहिल्यांदा ऐकली, तर ती मला नवीच आहे.

एक धागा धरून चालणे

सुरुवात नेहमी आवडलेल्या एकाच ध्वनिमुद्रणापासून करावी आणि एका वहीत त्याविषयी पाच गोष्टी लिहाव्यात: गायकाचे नाव, त्याचे गुरू, राग, साथीदार आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष. यातली प्रत्येक गोष्ट ही पुढे जाण्याची एक वाट असते, पण एका वेळी एकच वाट धरावी. पाचही वाटांनी एकदम धावणारा माणूस आठवड्याभरात थकतो आणि पुन्हा ॲपच्या स्वाधीन होतो.

उदाहरणादाखल मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्मलेल्या या गायकाने आधी नीळकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेर गायकी घेतली आणि पुढे मंजीखाँ व भूर्जीखाँ या बंधूंकडे जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. हे दोघे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र, आणि खाँसाहेबांचे दीर्घ वास्तव्य कोल्हापुरात होते. म्हणजे गुरूची वाट धरली की आपण धारवाडहून निघून बेळगाव ओलांडून थेट कोल्हापुरात पोहोचतो, आणि तिथे अल्लादियाखाँच्या इतर शिष्या भेटतात: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मोगूबाईंमागून त्यांची कन्या किशोरी आमोणकर. एका नावावरून चार मोठी नावे आली आणि त्यातले एकही कुठल्या ॲपने सुचवलेले नाही.

आता त्याच मन्सूरांचा रागाचा धागा धरून पाहावा. त्यांचा नट बिहाग ऐकून झाला की केसरबाईंचा नट बिहाग शोधावा आणि त्यानंतर आग्रा घराण्याच्या फैयाजखाँचा. तीन गळे, दोन घराणी आणि एकच राग, हे एका संध्याकाळी लागोपाठ ऐकले की राग म्हणजे काय आणि घराणे म्हणजे काय यांतला फरक पुस्तकाशिवाय कळू लागतो. मला स्वतःला हा फरक वयाच्या चाळिशीत, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन ठेवून भाजी निवडताना कळला, हे सांगायला लाज वाटत नाही.

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाकडे जाणारी वाटही अशीच समृद्ध आहे. आज मैफली गाजवणारे व्यंकटेशकुमार तिथे पुट्टराज गवई यांच्याकडे शिकले, आणि त्याआधीच्या पिढीतले बसवराज राजगुरू हे तिथल्याच पंचाक्षरी गवई यांचे शिष्य. कुमार गंधर्वांचा जन्म तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीतला, १९२४ सालचा. त्यांचे गुरू मुंबईचे बी. आर. देवधर, त्यामुळे ती वाट मुंबईकडे वळते. ज्याला नाट्यसंगीत जवळचे वाटते, त्याने अण्णासाहेब किर्लोस्करांपासून निघावे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे जन्मलेल्या या नाटककाराचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले आणि त्यातली पदे गेल्या शंभर वर्षांत इतक्या गायकांनी ध्वनिमुद्रित केली आहेत, की एकाच पदाच्या निरनिराळ्या गायकांच्या आवृत्त्या गोळा करणे हाच एक छंद होऊ शकतो.

नावे, लिप्या आणि शोधपट्टी

सीमाभागातल्या माणसाकडे असलेले एक हत्यार पुण्या-मुंबईच्या रसिकाकडे नसते, ते म्हणजे कन्नडची ओळख. शोधपट्टीत नाव देवनागरीत लिहिले की एक यादी येते, रोमन लिपीत लिहिले की दुसरी, आणि कन्नड लिपीत लिहिले की तिसरीच. धारवाड-हुबळीकडच्या मैफलींची कितीतरी खासगी ध्वनिमुद्रणे केवळ कन्नड शीर्षकाखाली पडून असतात, ती मराठी किंवा रोमन शोधात येतच नाहीत. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाकडून नाव टाइप करून घ्यावे. आमच्या गल्लीत हे काम एका चॉकलेटच्या मोबदल्यात होते. रोमन लिपीतही 'मन्सूर' आणि 'हनगल' यांसारखी आडनावे दोन-तीन प्रकारांनी लिहिली जातात, त्यामुळे प्रत्येक प्रकार करून पाहावा.

जुन्या तबकड्यांवर तर नावच वेगळे असू शकते. गंगूबाई हनगल यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या, आणि हे ज्याला माहीत नाही त्याला त्या कधीच सापडणार नाहीत.

कर्नाटक संगीताकडे वळू इच्छिणाऱ्या हिंदुस्थानी श्रोत्याने रागांच्या जोड्या लक्षात ठेवाव्यात. भूप आवडत असेल तर 'मोहनम' शोधावा, मालकंस आवडत असेल तर 'हिंदोळम', दुर्गा आवडत असेल तर 'शुद्ध सावेरी' आणि यमन आवडत असेल तर 'कल्याणी'. स्वर ओळखीचे आणि चाल अनोळखी, अशी ती गंमत असते. तिकडच्या 'हिंदोळम'चा आपल्या हिंडोल रागाशी संबंध नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आकाशवाणी अजून आहे

आकाशवाणीला मोडीत काढणारे लोक बहुधा सकाळी ती लावतच नाहीत. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि त्याच्याशी त्या भागातले मोठमोठे कलावंत जोडलेले होते. धारवाड, सांगली आणि कोल्हापूर ही केंद्रे, तसेच २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली 'रागम' ही केवळ शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी, आता आकाशवाणीच्या ॲपवर ऐकता येते. तिचा मोठा गुण असा, की निवेदक गायन सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कलावंत, राग, ताल आणि साथीदार यांची नावे स्पष्ट सांगतो. वही शेजारी ठेवून ती नावे टिपावीत. मला माहीत नसलेली नावे मला सर्वात जास्त इथेच भेटली, कारण निवड करणाऱ्याला माझी आवड ठाऊक नव्हती.

ॲप हे चाळणीसारखे वापरावे

गाण्यांच्या ॲपचा आणि यूट्यूबचा उपयोग ऐकून निवड करण्यापुरता चांगला होतो. एक गाणे संपल्यावर दुसरे आपोआप सुरू करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर धागा आपल्या हातातून सुटतो. जगभरात नवे अल्बम २०१५ पासून शुक्रवारी प्रसिद्ध होतात, तेव्हा ज्यांना ताज्या प्रकाशनांवर नजर ठेवायची आहे त्यांनी शुक्रवारी अर्धा तास काढला तरी पुरे होते.

वर्गणी भरून फोनवर 'डाऊनलोड' केलेली गाणी मात्र आपल्या मालकीची नसतात. स्पॉटिफायचेच घ्या: ऑफलाइन ठेवलेली गाणी चालू राहावीत म्हणून ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडावे लागते, आणि वर्गणी थांबली की ती बंद पडतात. माझ्यावर याहून वाईट वेळ आली. मी तीन वर्षे जपून तयार केलेल्या याद्या ज्या सेवेवर होत्या ती सेवाच एके दिवशी गुंडाळली गेली. गाणी गेलीच, पण कुठल्या मैफलीतला कुठला जौनपुरी राग आवडला होता याची नोंदही गेली. वहीची सवय मला त्या दिवसापासून लागली.

विकत घेण्यापूर्वी कोणतेही ध्वनिमुद्रण तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकावे. पहिल्या वेळी आवाजाची छाप पडते, दुसऱ्या वेळी कंटाळा कुठे येतो ते कळते, आणि तिसऱ्या वेळी ते पुन्हा लावावेसे वाटले, तरच खिशात हात घालावा.

पैसे कोणाला आणि कसे द्यावेत

विकत घेण्याची सर्वात चांगली जागा म्हणजे मैफलीच्या दाराबाहेरचे टेबल. कुंदगोळला नाडगीर वाड्यात किराणा घराण्याचे गायक सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ रात्रभर चालणारे गायन असो, पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव असो की बेळगावच्या कुमार गंधर्व रंगमंदिरातला एखादा कार्यक्रम असो, कलावंताची सीडी तिथे असेल तर ती तिथेच घ्यावी. मध्यंतरात चहाकडे धावण्याऐवजी आधी टेबलाकडे जावे, कारण चांगल्या सीडी मध्यंतरातच संपतात. टेबल नसेल, तर कार्यक्रमानंतर साथीदारांना विचारावे. तबलजी आणि पेटीवाले यांच्याकडे मुख्य गायकापेक्षा अधिक वेळ असतो, त्यांनी अनेकांना साथ केलेली असते, आणि 'तुम्ही साथ केलेल्यांपैकी मी कोणाला ऐकायला हवं?' या प्रश्नाचे उत्तर ते मनापासून देतात.

घरबसल्या घ्यायचे असेल, तर बँडकॅम्प हे संकेतस्थळ मला सर्वात सरळ वाटते. तिथे कलावंत किंवा छोटी कंपनी स्वतःच्या पानावर अल्बम ठेवते, आपण आधी ऐकतो आणि मग विकत घेतो; डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के घेते. २०२० च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला हा वाटा सोडून देते. तो 'शुक्रवार' अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता सुरू होऊन शनिवारी त्याच वेळेपर्यंत चालतो. सकाळी घाई करून पैसे भरणाऱ्याचे तेवढे पुण्य वाया जाते.

पैसे भरताना पहिली अडचण कार्डाची येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात. त्याच ठिकाणी परदेशी व्यवहाराची मर्यादा लहान ठेवावी आणि खरेदी झाल्यावर ती सोय पुन्हा बंद करावी. बँक चलनबदलाचे शुल्क घेते, त्यामुळे एकेक गाणे चार दिवस घेण्यापेक्षा महिन्यातून एकदाच हिशेब करणे सोयीचे पडते. ॲपलचे आयट्यून्स स्टोअर भारतात २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाले. तिथे रुपयांत पैसे भरून घेतलेली फाइल आपल्याकडेच राहते, पण ती २५६ केबीपीएसची (सेकंदाला २५६ किलोबिट) एएसी, म्हणजे थोडा आवाज गाळून लहान केलेली, फाइल असते.

हा फाइलचा प्रकार एकदा समजून घ्यावा. एका तासाच्या सीडीतला सगळा आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. फ्लॅकमध्ये तोच आवाज काहीही न गमावता साधारण निम्म्या जागेत मावतो. आणि ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये तो सुमारे १४४ एमबी होतो, मात्र त्यात काही भाग कायमचा गाळला जातो. बसमधून धारवाडला जाताना ऐकायला एमपी३ पुरेसा आहे. विकत घेताना मात्र फ्लॅक उतरवून घ्यावे, कारण फ्लॅकपासून एमपी३ कधीही करता येतो, उलट करता येत नाही. फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे भावाकडे किंवा कचेरीत असावी.

मोबाईलच्या दुकानात शंभर रुपयांत हजार गाणी भरून देणारे मेमरी कार्ड घेऊ नये. ते बेकायदा आहे हे तर झालेच, पण त्यात प्रत्येक गाण्याचे नाव 'ट्रॅक ०१' असते. कोण गातो आणि साथीला कोण हेच कळत नाही, मग धागा धरणार कशाचा? फुकट आणि तरीही कायदेशीर ऐकायचे असेल तर जुन्या तबकड्या आहेत. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे अब्दुल करीमखाँसाहेबांच्या, म्हणजे १९३७ पूर्वीच्या, तबकड्यांची ध्वनिमुद्रणे केव्हाच मुक्त झाली आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत अशा जुन्या तबकड्या ऐकायला मिळतात.

जुनी तबकडी हातात घेताना

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसे सर्वात जास्त इथेच बुडतात. मिरजेत, कोल्हापुरात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, दिसली की आधी आवरणावरचे चित्र विसरावे आणि तबकडी बाहेर काढायला सांगावी. मी एकदा टपालाने मागवलेल्या आवरणातून भीमपलास रागाऐवजी एका हिंदी चित्रपटाची तबकडी निघाली, आणि विक्रेत्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हापासून आवरणावरचा क्रमांक, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक यांचा मेळ बसतो का, हे पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. टपालाने घ्यायची असेल तर त्या कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र मागावे.

मग तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांवर धरून दाराशी न्यावी आणि उजेडात तिरपी करावी. समोरून चकचकीत दिसणारी तबकडी तिरपी केली की तिच्यावरचे सगळे ओरखडे उठून दिसतात. ओरखड्यावरून नखाची कड अगदी हलकेच फिरवावी. नख अडखळले, तर सुईही अडखळेल आणि प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येईल. नंतर लेबलाच्या मधल्या छिद्राभोवती पाहावे. तबकडी खिळ्यावर बसवताना चुकले की तिथे कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा उमटतात. अशा रेघांचे जाळे झाले असेल, तर विक्रेता 'फारशी वाजलेली नाही' असे कितीही म्हणो, ती भरपूर वाजलेली आहे. शेवटी ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकली आहे का ते पाहावे.

विक्रेत्याकडे वाजवून पाहण्याची सोय असेल, तर सुई सुरुवातीला ठेवू नये, शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवावी. तबकडीचा फिरण्याचा वेग तोच राहतो, पण आतल्या बाजूला वर्तुळ लहान होत जाते, त्यामुळे तेवढ्याच वेळेचा आवाज कमी लांबीच्या रेषेत कोंबला जातो आणि झीज तिथे आधी जाणवते. ख्यालाच्या एलपीत विलंबित, म्हणजे संथ भाग, बाहेरच्या बाजूला आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, आतल्या बाजूला येतो, म्हणजे तानांची आतषबाजी नेमकी सर्वात नाजूक जागी असते. विलंबित स्वच्छ आणि द्रुत फाटका, अशा तबकड्या माझ्याकडे चार आहेत.

लेबलवरची अक्षरेही वाचावीत. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींवर 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो आणि 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ. किमतीचा अंदाज डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर घ्यावा. तिथे त्याच तबकडीच्या आधीच्या विक्रीच्या सर्वात कमी, मधल्या आणि सर्वात जास्त किमती दिसतात. विक्रेत्यांच्या प्रतवारीत 'व्हीजी' या अक्षरांचा अर्थ 'फार छान' असा असला, तरी प्रत्यक्षात ती खरखरणारी तबकडी असते; ऐकण्यासाठी घ्यायची तर निदान 'व्हीजी प्लस' घ्यावी. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच किंमत मोजावी, कारण ते दोन्ही मिळून कधीकधी तबकडीपेक्षा महाग पडतात.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचा मोह आवरता आला तर बरे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते, एलपीची सुई त्यांना चालत नाही, त्यांना रुंद टोकाची वेगळी सुई लागते, आणि हातातून पडली की तुकडेच उचलावे लागतात. त्या पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. एलपी असो की ७८ ची तबकडी, डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने रेषांच्या दिशेने पुसावी आणि लेबल कोरडे ठेवावे.

आपल्याकडच्या पावसाचा विचार खरेदीच्या दिवशीच करावा. खानापुरापासून बेळगावापर्यंत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटातल्या आवरणांवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात, आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात, आणि सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलाव्यात.

नवी वस्तू घरात आली की त्याच दिवशी वहीत नोंद करावी: काय, कोणाकडून, केवढ्याला, आणि ऐकण्याची सूचना कुठून मिळाली. या शेवटच्या रकान्यावरून वर्षाअखेरीस कळते की आपल्याला चांगले गाणे रेडिओने दिले, तबलजींनी दिले की ॲपने; पुढच्या वर्षी वेळ तिथेच घालवावा. एकच ध्वनिमुद्रण वहीत दोनदा सापडले, तर जादाची प्रत मित्राला देऊन टाकावी. माझ्या कपाटातून अशा तीन प्रती आजवर बाहेर पडल्या आहेत आणि त्यातली एक मी ज्याला दिली, त्याच्याकडे ती आधीच होती.